शरीरातील दोन यंत्रणांच्या गरजा एकमेकींच्या आड आल्या, तर माघार कोण घेते?

उंबरठा

नमस्कार. माझे शिक्षण विज्ञान शाखेतील नाही, परंतु शरीर आपला अंतर्गत समतोल कसा राखते, म्हणजे ज्याला समस्थिती किंवा होमिओस्टॅसिस म्हणतात, त्याविषयी सध्या वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी मी अडलो आहे. बहुतेक पुस्तकांत हा विषय स्वतंत्र आकृत्यांत मांडलेला असतो. एका आकृतीत तापमान: शरीर तापले की घाम येतो, गारठले की कुडकुडी भरते. दुसऱ्या आकृतीत साखर: ती वाढली की इन्सुलिन स्रवते, घटली की ग्लुकॅगॉन. तिसऱ्या आकृतीत पाणी आणि मूत्रपिंडे. प्रत्येक आकृतीतील बाण गोल फिरून मूळ जागी परततात आणि प्रकरण संपते.

माझी शंका अशी की शरीर एकच आहे, रक्तही एकच आहे आणि तेही मोजकेच आहे. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्या व्यक्तीच्या स्नायूंना जास्त रक्त हवे असते, उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही जास्त रक्त हवे असते, आणि मेंदूच्या वाट्याचे रक्त कमी होऊन तर मुळीच चालत नाही. शिवाय घाम हा तापमानाच्या आकृतीत उपाय असला, तरी पाण्याच्या आकृतीत तोच अपाय ठरतो. अशा वेळी कोणती यंत्रणा माघार घेते आणि ते ठरवते कोण? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग या सगळ्याचे मुख्यालय आहे, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. पण तेथे खरोखरच सर्व बाजू एकत्र येऊन निर्णय होतो का, याचा खुलासा मला सापडला नाही. जाणकारांनी शक्य तेथे आकड्यांसह समजावून सांगावे. उत्तर लांबले तरी हरकत नाही.

धमनी

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वेगवेगळ्या आकृत्या ही आम्हा शिकवणाऱ्यांची सोय आहे, शरीराची रचना तशी नाही. आपल्या उदाहरणाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण बाकीचे सारे तिच्यावर उभे आहे. शरीर सगळ्याच गोष्टी स्थिर ठेवत नाही. मोजक्या काही गोष्टी ते जिवापाड जपते आणि त्या जपता याव्यात म्हणून उरलेल्या गोष्टी वाटेल तितक्या हलू देते.

जपायचे काय, ते आधी पाहू. 70 किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे 42 लिटर पाणी असते. त्यांतील 28 लिटर पेशींच्या आत आणि 14 लिटर पेशींच्या बाहेर असते, आणि या बाहेरच्या पाण्यातला रक्तद्रव जेमतेम 3 लिटर भरतो. पेशींभोवतीचा हा द्रव म्हणजेच शरीराचे आतले पर्यावरण, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली, आणि होमिओस्टॅसिस हा शब्द अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी 1926 मध्ये वापरात आणला. या द्रवात सोडियम दर लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल, पोटॅशियम 3.5 ते 5 मिलिमोल आणि सामू, म्हणजे आम्लतेचे माप (pH), 7.35 ते 7.45 या मर्यादांत राहतो. पोटॅशियम दुप्पट झाले तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो, इतकी ही मर्यादा अरुंद आहे.

आता हलू दिलेल्या गोष्टी पाहा. लघवी रक्तद्रवाच्या चौपट दाट होऊ शकते आणि गरज पडली तर सहापट पातळही होऊ शकते. दिवसभरातील तिचे प्रमाण अर्ध्या लिटरपासून दहा लिटरांच्याही पुढे जाऊ शकते. हृदयाचे ठोके मिनिटाला 60 वरून 180 वर जातात. फुप्फुसांतून मिनिटाला खेळणारी हवा 6 लिटरांवरून 100 लिटरांवर जाते. रक्तातले आकडे ज्या स्थैर्याने दिसतात, त्याची किंमत या दुसऱ्या रकान्यात मोजलेली असते. म्हणून एखादा आकडा स्थिर दिसला की तो स्थिर ठेवण्यासाठी आत्ता काय हलते आहे, असे मी विद्यार्थ्यांना विचारते.

आता आपले उन्हातले उदाहरण. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त बाहेर ढकलते. कठोर श्रमात हा आकडा निरोगी माणसात 20 लिटरांपर्यंत पोहोचतो आणि त्याचा सिंहाचा वाटा स्नायूंकडे जातो. त्वचेला एरवी मिनिटाला अर्धा लिटरही लागत नाही, पण भर उष्णतेत तिची मागणी 7 ते 8 लिटरांवर जाऊ शकते. दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणे हृदयाला झेपत नाही. त्यामुळे पहिली कपात मूत्रपिंडे आणि पचनसंस्था यांच्या रक्तात होते. विश्रांतीच्या वेळी ही दोन्ही मिळून हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळपास निम्मे रक्त घेतात. मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्धा टक्काही नसते, तरी त्यांच्या वाट्याला एक पंचमांश रक्त येते, कारण त्यांना ते स्वतःच्या पोषणापेक्षा गाळण्यासाठी हवे असते, आणि गाळण्याचे काम काही तास मंदावले तरी बिघडत नाही.

घाम मात्र वाहतच असतो. एक लिटर घाम पूर्णपणे बाष्प झाला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि श्रम करणारी व्यक्ती उन्हात तासाला एक ते दीड लिटर घाम सहज गाळते. घाम रक्तद्रवापेक्षा पातळ असतो, म्हणून मागे उरलेला रक्तद्रव दाट होतो. हायपोथॅलॅमसजवळील चेतापेशींना हा दाटपणा जाणवतो, पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते, मूत्रपिंडातील संग्राहक नलिकांच्या भिंतींत पाण्याच्या वाटा उघडतात, लघवी दाट होते आणि तहानही लागते. अधिवृक्क ग्रंथीतून येणारे अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सोडियम राखायला लावते आणि घामाच्या ग्रंथींनाही तेच करायला लावते. एकच संप्रेरक दोन ठिकाणी मीठ वाचवते, आणि म्हणूनच उष्णतेची सवय झालेल्या माणसाचा घाम एक-दोन आठवड्यांत प्रमाणाने वाढतो, पण कमी खारट होतो.

इतके करूनही पाणी घटतच राहिले तर खरा पेच येतो. हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडू लागते आणि रक्तदाब टिकवायचा तर कोठल्यातरी वाहिन्या आकुंचित कराव्याच लागतात. या टप्प्यावर त्वचेच्या वाट्याला जाणारे रक्त रोखले जाते, घामही आवरता घेतला जातो आणि शरीराचे आतले तापमान वर चढू दिले जाते. म्हणजे दाब आणि तापमान यांच्या झगड्यात तापमान माघार घेते. यामागचा हिशेब उघड आहे. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, तर 39 अंश सेल्सियस तापमान शरीर काही तास सोसू शकते. मात्र हा हिशेब त्या क्षणी कोणी मांडत बसत नाही. रक्तदाब जाणणाऱ्या चेतातंतूंचा प्रभाव त्वचेच्या वाहिन्यांवर किती चालावा, हे उत्क्रांतीत आधीच ठरून गेले आहे.

पूर्णांक

मी स्वयंचलित नियंत्रण यंत्रणांवर काम करणारा अभियंता आहे, त्यामुळे वैद्यकीय तपशिलात न शिरता एवढेच मांडतो की आकृत्यांमध्ये राहून जाणारी गोष्ट म्हणजे काळ. गीझरमधील थर्मोस्टॅट हा सर्वांचा आवडता दाखला आहे, परंतु त्यात एकच संवेदक, एकच कळ आणि एकच वेग असतो. शरीरात एकाच राशीवर निरनिराळ्या वेगांची अनेक नियंत्रणे एकावर एक रचलेली असतात, आणि बरेचसे झगडे या वेगांच्या फरकामुळेच मिटतात.

रक्तदाबच घ्या. माणूस झोपलेला असताना एकदम उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोट यांच्या शिरांत उतरते. मानेतील मोठ्या धमनीवरचा ताण घटतो, आणि एक-दोन सेकंदांत ठोके वाढून वाहिन्या आकुंचित होतात. ही चेतासंस्थेची दुरुस्ती झटपट होते, पण अपुरी असते: ती चुकीचा बराचसा भाग भरून काढते, पूर्ण नाही, आणि नवा दाब बराच काळ टिकला तर ती त्यालाच सामान्य मानू लागते. त्यानंतर रेनिन आणि अँजिओटेन्सिन या वाहिन्या आवळणाऱ्या रासायनिक द्रव्यांची साखळी मिनिटांच्या हिशेबाने काम करते. सर्वांत मागून मूत्रपिंडे येतात. दाब अपेक्षेहून जास्त असेल तोवर ती मीठ आणि पाणी बाहेर टाकत राहतात, आणि फरक शून्य होईपर्यंत थांबत नाहीत. आमच्या क्षेत्रात याला संकलक नियंत्रण म्हणतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी रक्तदाबाचे गणिती प्रारूप मांडताना दीर्घकालीन दाब ठरवण्याचे काम मूत्रपिंडांकडे दिले, ते याच कारणाने. त्या प्रारूपावर मतभेद आहेत, तरी वेगांची ही उतरंड कोणी नाकारत नाही.

दुसरा मुद्दा पूर्वतयारीचा. व्यायाम सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत श्वसन वाढते, म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढण्याआधीच. अन्न जिभेवर पडताच, साखर रक्तात पोहोचण्याच्या आधी, इन्सुलिनचा छोटासा हप्ता सुटतो. चूक घडून गेल्यावर ती दुरुस्त करणारी यंत्रणा कितीही चांगली असली तरी तिला उशीर होतोच. चूक होऊच नये म्हणून आधी हालचाल करणारी यंत्रणा तिच्या जोडीला असावी लागते. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत हा बाण सहसा नसतो आणि मला ती मोठी उणीव वाटते.

रातपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वर धमनी यांनी जे लिहिले आहे, त्याची दुसरी बाजू आमच्याकडे रोज दिसते: स्थिर आकडा म्हणजे सुरक्षित रुग्ण नव्हे.

रक्तस्राव झालेल्या प्रौढ रुग्णाचे उदाहरण घेते. शरीरातील सुमारे 5 लिटर रक्तापैकी 750 मिलिलिटरपर्यंत रक्त गेले तरी मॉनिटरवर फारसे काही दिसत नाही. त्यापुढे दीड लिटरपर्यंत नाडी वाढते, हातपाय थंड पडतात, लघवी कमी होते, रुग्ण बेचैन होतो, पण वरचा रक्तदाब पुष्कळदा ठीकच राहतो. तो घसरतो तेव्हा जवळपास एक तृतीयांश रक्त गेलेले असते. तरुण आणि धडधाकट रुग्णात हे विशेष जाणवते, कारण त्याच्या वाहिन्या जोमाने आकुंचित होतात, दाब शेवटपर्यंत टिकतो आणि नंतर एकदम कोसळतो. म्हणून आमच्याकडे नव्या परिचारिकेला आधी रुग्णाच्या तळव्याला हात लावायला सांगतात आणि मग मॉनिटर पाहायला. दाब जपण्यासाठी काय काय खर्च होते आहे, ते तळवा सांगतो.

संस्था एकमेकींना कशा सावरतात, हे पाहायचे असेल तर इन्सुलिनच्या अभावाने मधुमेही रुग्णाला होणारी कीटोअ‍ॅसिडोसिस ही अवस्था पाहावी. इन्सुलिन नसल्याने पेशींना साखर घेता येत नाही आणि रक्तात ती साचत जाते. दर डेसिलिटरमागे 180 मिलिग्रॅमच्या आसपास मूत्रपिंडाची साखर परत शोषण्याची क्षमता संपते; मग साखर लघवीत उतरते आणि पाण्याला सोबत ओढून नेते. रुग्ण कोरडा पडतो. दुसरीकडे यकृत चरबीपासून कीटोन बनवत राहते आणि ती आम्ले रक्तातील बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करणारे द्रव्य, संपवत जातात. आता सामू सावरायला फुप्फुसे पुढे येतात. रुग्ण खोल, लांब, न थांबता श्वास घेत राहतो. धावून आल्यासारखी ती धाप नसते, छातीचा पूर्ण भाता उचलून चाललेला तो एकसुरी श्वास असतो आणि एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला चुकत नाही.

हा श्वास किती काम करतो, ते गणिताने दिसते. समजा बायकार्बोनेट दर लिटरमागे 24 मिलिमोलवरून 6 वर आले आहे. श्वसन नेहमीसारखे राहून कार्बन डायऑक्साइडचा दाब 40 मिलिमीटरच राहिला, तर सामू 6.8 वर येईल, आणि तेथे जगणे जवळजवळ अशक्य असते. रुग्णाने श्वासाने तो दाब 20 वर आणला की सामू 7.1 येतो. आजार तोच, रक्तातील आम्लही तेच, पण फुप्फुसांनी मिळवून दिलेल्या या फरकावर उपचारांना वेळ मिळतो. अशा रुग्णाला कृत्रिम श्वसनावर घ्यावे लागले आणि यंत्र सर्वसाधारण वेगावर लावले, तर ही सवलत क्षणात हिरावली जाते, म्हणून त्या वेळी डॉक्टर फार सावध असतात.

पोटॅशियमचा खेळ याहून फसवा आहे. शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. या अवस्थेत ते पेशींतून बाहेर येते आणि लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे एकूण साठा रिता होत असतानाही रक्ताच्या अहवालात आकडा सामान्य किंवा वाढलेला दिसतो. इन्सुलिन सुरू होताच पोटॅशियम पेशींत परतू लागते आणि रक्तातील पातळी वेगाने घसरते. म्हणूनच ते आधीच फार कमी असेल तर ते भरून घेतल्यावरच इन्सुलिन सुरू करतात.

उंबरठा

आपल्या सर्वांच्या उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. दाब आणि तापमान यांच्यातला क्रम समजला, पण त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. धमनी यांनी सोडियमची पातळी जपल्या जाणाऱ्या गोष्टींत धरली आहे, आणि रक्ताचे आकारमान व दाबही त्यांतच येतात. मग या दोन जपलेल्या गोष्टींतच वाद झाला तर? पाणी राखले तर सोडियम पातळ होईल आणि पाणी सोडले तर रक्त कमी पडेल, अशी अवस्था प्रत्यक्षात येते का? आणखी एक विचारायचे होते: ताप येणे हा तापमानाच्या नियंत्रणाचा पराभव समजायचा का?

धमनी

येते, आणि अशा वेळी सोडियम माघार घेते. व्हॅसोप्रेसिनला दोन प्रकारचे इशारे मिळतात. रक्तद्रवाचा दाटपणा जाणणाऱ्या पेशी एका टक्क्याच्या बदलानेही सावध होतात. रक्ताचे आकारमान जाणणारे संवेदक हृदयाच्या कप्प्यांत आणि मोठ्या वाहिन्यांत असतात. ते तुलनेने सुस्त आहेत आणि आकारमान आठ-दहा टक्क्यांनी घटल्याशिवाय व्हॅसोप्रेसिनवर त्यांचा मोठा परिणाम होत नाही. पण एकदा ते जागे झाले की त्यांचा जोर इतका असतो की रक्त पातळ होत असतानाही व्हॅसोप्रेसिन सुटत राहते. थोडक्यात, रोजच्या बारीकसारीक बदलांत सोडियमचे चालते आणि संकटात आकारमानाचे.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत याचा तोटा दिसतो. श्रम, वेदना, मळमळ आणि ताण यांमुळेही व्हॅसोप्रेसिन सुटते, त्यामुळे वाटेत तहानेपेक्षा कितीतरी जास्त साधे पाणी पिणाऱ्या धावपटूला ते लघवीवाटे टाकता येत नाही आणि सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

याहून बोलके उदाहरण हृदयाच्या दुर्बलतेचे आहे. हृदय नीट पंप करत नाही, म्हणून धमन्यांतील संवेदकांना ताण कमी जाणवतो. संवेदकाला फक्त ताण कळतो. पाय सुजले आहेत, फुप्फुसांत पाणी साचते आहे, शरीरात पाणी कमी नसून उलट जास्त झाले आहे, हे कळण्याची त्याला सोय नाही. तो रक्तस्राव झाल्यासारखा संदेश पाठवतो आणि मूत्रपिंडे इमानेइतबारे आणखी मीठ आणि पाणी साठवतात. सर्व माहिती एकत्र पाहणारे कोणी असते, तर ही चूक झाली नसती. अशा रुग्णाला दिली जाणारी बरीच औषधे दुर्बल हृदयाला ढकलण्यापेक्षा या चुकीच्या संदेशांची साखळी तोडण्याचेच काम करतात.

मुख्यालयाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. हायपोथॅलॅमस हा मोठा जंक्शन आहे. तापमान, तहान, भूक, पीयूषिकेमार्फत चालणारी बरीच संप्रेरके आणि अनुकंपी चेतासंस्था यांचे धागे तेथे जुळतात. पण कितीतरी नियंत्रणे त्याला विचारतही नाहीत. स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर स्वतः मोजतात. मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी कॅल्शियम स्वतः मोजतात, आणि त्यांचे संप्रेरक हाडे, मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्वामार्फत आतडे या तिघांना एकाच वेळी कामाला लावते. ऑक्सिजन कमी पडल्याचे मूत्रपिंडातील पेशी स्वतः ओळखतात आणि एरिथ्रोपोएटिन सोडून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगतात. पेशींना ही कमतरता कशी जाणवते, या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या चेता शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात, तरी ते पाणी आणि क्षार व्यवस्थित सांभाळते. प्रत्यारोपित हृदयही व्यायामात ठोके वाढवते. फक्त चेतांचा हुकूम नसल्याने त्याला रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनची वाट पाहावी लागते, म्हणून ते उशिरा वेग घेते आणि व्यायाम थांबल्यावर उशिराच शांत होते.

आता तापाविषयी. संसर्गात प्रतिकारसंस्थेकडून सुटणारी इंटरल्यूकिन-1 आणि इंटरल्यूकिन-6 यांसारखी द्रव्ये मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-2 वाढवतात, आणि ते हायपोथॅलॅमसचे अपेक्षित तापमानच वर सरकवते. 37 अंशांवर असलेल्या शरीराला मग आपण गार आहोत असे वाटते, त्वचेच्या वाहिन्या मिटतात, हुडहुडी भरते आणि 39 अंश गाठेपर्यंत शरीर स्वतःहून उष्णता निर्माण करते. पॅरासिटामॉलने अपेक्षित पातळी खाली आली की घाम सुटतो. याला पराभव म्हणता येणार नाही. प्रतिकारसंस्थेने तापमानाच्या नियंत्रणाला कामाला लावले आहे, इतकेच. उष्माघात मात्र खराखुरा पराभव आहे. तेथे अपेक्षित पातळी हललेलीच नसते, शरीर उष्णता बाहेर टाकण्यात अपुरे पडलेले असते, म्हणून त्यात पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरते आणि शरीर बाहेरून थंड करणे हाच उपाय उरतो.

तिरकस

चर्चा उत्तम चालली आहे, पण "अपेक्षित पातळी" या कल्पनेवर सगळ्यांचाच जरा जास्त विश्वास दिसतो. निरोगी माणसाचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असते, आणि हा फरक साधारण अर्ध्या अंशाचा असतो. अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक जाग येण्याच्या सुमारास शिखरावर असते. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरतो. यांतील एकही बदल बाहेरच्या धक्क्यामुळे झालेला नाही; मेंदूतील घड्याळ पातळी आधीच सरकवून ठेवते.

गर्भारपणात तर ही गोष्ट आणखी ठळक होते. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वसन वाढते आणि धमन्यांतील कार्बन डायऑक्साइडचा दाब 40 ऐवजी 30 च्या आसपास येतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट टाकून सामू जवळपास पूर्ववत करतात. रक्तद्रवही नेहमीपेक्षा थोडा पातळ होतो, आणि तहान व व्हॅसोप्रेसिन या दोघांचे उंबरठे खाली सरकलेले असल्याने शरीर तीच नवी पातळी राखते. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाचा जो आकडा गर्भवतीच्या अहवालात निर्धास्त करणारा असतो, तोच इतर कोणाच्या अहवालात चौकशी करायला लावेल. पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी 1988 मध्ये अ‍ॅलोस्टॅसिस ही संकल्पना मांडली, तीही याच रोखाने: आतले आकडे अचल ठेवणे हे शरीराचे उद्दिष्ट नाही, तर पुढच्या गरजेचा अंदाज घेऊन आकडे बदलून स्थैर्य मिळवणे हे आहे. मला स्वतःला दोन कल्पनांतील अंतर त्यांच्या समर्थकांना वाटते तेवढे मोठे वाटत नाही, परंतु ठरावीक आकडा आणि त्याभोवती धावणारी यंत्रणा हे चित्र अपुरे आहे, एवढे नक्की.

पूर्णांक

तिरकस यांच्याशी सहमत आहे. नियंत्रणाच्या भाषेत सांगायचे तर एका यंत्रणेची अपेक्षित पातळी ही बहुधा दुसऱ्या यंत्रणेचे उत्तर असते. तापाचे वरचे वर्णन आणि गर्भारपणाचे उदाहरण दोन्ही त्याच प्रकारात बसतात.

उंबरठा

एक शेवटचे विचारतो. तहान लागल्यावर पाणी प्यायले की मिनिटाभरात समाधान होते, पण तेवढ्या वेळात ते पाणी रक्तात पोहोचलेलेही नसते. मग रक्ताचा दाटपणा मोजणाऱ्या पेशींना थांबायचे कसे कळते?

धमनी

पूर्णांक यांनी सांगितलेल्या पूर्वतयारीचेच हे उदाहरण आहे. प्यायलेले पाणी शोषले जाऊन रक्ताचा दाटपणा लक्षणीय बदलायला दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर माणूस पीतच राहिला तर गरजेच्या कितीतरी पट पाणी पोटात जाईल. म्हणून तोंड आणि घसा यांच्याकडून गिळल्याचे संदेश मेंदूत जातात, तहानेच्या चेतापेशी शांत होतात आणि व्हॅसोप्रेसिनही मिनिटांत उतरू लागते. ही उधारीवरची तृप्ती असते, आणि तिची पडताळणी पुढे होते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की त्यांना खारे पाणी प्यायला दिले तर तहानेच्या चेतापेशी आधी शांत होतात, पण पचनमार्गात पोहोचलेले पाणी खारे असल्याचा संदेश येताच काही मिनिटांत पुन्हा जाग्या होतात. म्हणजे घशाने दिलेला अंदाज आतडे तपासते आणि आतड्याचा अहवाल शेवटी रक्त तपासते.

वयोमानानुसार तहान लागण्याची पायरीच दुबळी होते. वृद्ध माणसांत रक्त तितकेच दाट झाले असले तरी तहान कमी लागते, आणि मूत्रपिंडांची लघवी दाट करण्याची क्षमताही उतरलेली असते. ताप किंवा जुलाब झालेल्या वृद्धाने "मला तहान नाही" असे सांगितले तरी त्याला ठरावीक वेळाने पाणी द्यावे असे डॉक्टर सांगतात, ते यासाठी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा घातलेली असते, त्यांच्यासाठी किती पाणी द्यायचे हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.